आर्सचे विगार संत जॉन मेरी व्हियानी आणि प्रभूचा दिवस

फ्रान्स देशांत लियों शहरानजीक दार्दिली नांवाचें एक खेडें आहे. तेथील एका भाविक शेतकऱ्याच्या घरीं ता. ८ मे १७८६ रोजीं संत जॉन मेरी व्हियानी यांचा जन्म झाला. ते सात वर्षांचे असतांना, सन १७९३ मध्यें, क्रांतिकारी सरकारनें जुनी कालगणना रद्द केली आणि सात दिवसांच्या आठवड्याऐवजीं दहा दिवसांचा आठवडा चालू केला. विश्रांति दहाव्या दिवशीं. रविवार पंचांगांतून नाहींसाच झाला! देवालयें बंद पडलीं. ख्रिस्तसभेशीं एकनिष्ठ राहिलेले धर्मगुरु लपूनछपून मिस्सा करूं लागले. अशा काळांत, सन १७९९ मध्यें, एक्युली गांवीं एका घराच्या खिडक्या लावून घेऊन, बाहेर गवताच्या गाड्या आडोशास उभ्या करून, कांहीं मुलांस पहिलें कम्युनियन देण्यांत आलें. बालक जॉन त्या मुलांत होता. रविवार हिरावला गेला म्हणजे काय होतें, हें त्यास ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं.

विद्या मात्र त्यांस फार जड गेली. लॅटिन भाषा कांहीं केल्या साधेना, आणि लियोंच्या सेमिनरीनें त्यांस परत पाठविलें. एक्युलीचे फादर बाले यांनीं त्यांचा कैवार घेतला, म्हणूनच ता. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोबल येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. सन १८१८ च्या फेब्रुवारींत ते आर्स येथें आले.

आर्स म्हणजे सुमारें २३० वस्तीचें गांव. दहा दिवसांची गणना केव्हांच मोडली होती. सन १८१४ मध्यें रविवारीं काम बंद ठेवण्याचा सरकारी कायदाहि झाला होता. परंतु मोडलेली वहिवाट कायद्यानें परत येत नाहीं. सुगींत रविवारींहि गाड्या शेताकडे चालत. दुपार झाली कीं, पुरुषमंडळी दारूच्या गुत्त्यांत आणि तरुण मंडळी नाचांत. एवढ्याशा गांवांत चार गुत्ते होते.

व्हियानींनीं उपदेश आरंभिला. रात्रीं जागून लिहावें, पाठ करावें, आणि व्यासपीठावर मधेंच विसरून जावें, असें प्रथम वारंवार होई. सुगीचा प्रश्नहि सोपा नव्हता. गहूं पिकून उभा, आकाशांत ढग, आणि वार रविवार, अशा वेळीं कुणब्याच्या जिवाची काय तगमग होते, हें शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेल्या त्या विगारांस कोणीं सांगावयास नको होतें. जुलै महिन्यांतील एका रविवारीं मिस्सेच्या वेळीं असेंच वादळ उठलें. त्यांनीं लोकांस त्या दिवशीं पिकास हात लावूं नका असें बजावलें आणि कापणीपुरती उघडीप मिळेल असें अभिवचन दिलें. वादळ निघून गेलें, आणि पुढें बारा दिवस पाऊस पडला नाहीं, असें चरित्रकार सांगतात.

पण नुसत्या मनाईनें दिवस पवित्र होत नाहीं. रिकामा दिवस गुत्त्याकडेच जावयाचा! म्हणून त्यांनीं रविवार भरून टाकला. सकाळीं मिस्सा, दुपारीं एक वाजतां लहानथोरांस धर्मशिक्षण, त्यामागून वेस्परांचें गायन व निद्रापूर्व प्रार्थना, मग रोझरी, आणि दिवस मावळतां घंटा होऊन पुन्हां सारा गांव प्रार्थनेस व लहानशा उपदेशास जमे. मधल्या वेळांत ज्यानें त्यानें घरच्यांत बसावें. मंदिर त्यांनीं नव्यानें सजविलें. वेदीसाठीं उत्तम वस्त्रें लियोंहून आणविलीं. स्वतःचा झगा ठिगळांचा आणि जेवण उकडलेल्या बटाट्यांचें, परंतु प्रभूच्या दिवशीं डोळ्यांनाहि सण दिसला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक तर त्यांस विशेष प्रिय होती.

नाचांच्या बाबतींत ते फारच कडक होते. नाच न सोडणारास ते पापक्षमा देत नसत. इतकी कठोरता आज आपणांपैकीं पुष्कळांस रुचणार नाहीं. त्या वेळींहि रुचली नाहीं. निनांवी पत्रें आलीं, दारावर घाण फेंकली गेली, शेजारच्या धर्मगुरूंनीं बिशपांकडे तक्रारी केल्या. ते डगमगले नाहींत. हळूहळू गुत्ते ओस पडले. पुढें सात जणांनीं नवे काढून पाहिले, ते सातहि बुडाले.

त्यांची कीर्ति पसरली तेव्हां दूरदूरचे यात्रेकरू पापनिवेदनासाठीं आर्सला लोटले. पहांटेपूर्वींपासून ते पापनिवेदनाच्या पेटींत बसत. कधीं सोळा तासांपर्यंतहि. गांवास विसावा शिकविणाऱ्या या पुरुषास स्वतःस विसावा कसा तो मिळाला नाहीं. एकांतवासाच्या ओढीनें सन १८४३ व १८५३ मध्यें ते आर्स सोडून निघालेहि होते. दोन्ही वेळां परत आले.

ता. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं पहांटे दोन वाजतां, ऐन उन्हाळ्यांत, त्यांनीं देह ठेविला. पोप अकरावे पायस यांनीं ता. ३१ मे १९२५ रोजीं, पेंटेकॉस्टच्या रविवारीं, त्यांस संतपद दिलें, आणि सन १९२९ मध्यें सर्व जगांतील विगारांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांचें नांव जाहीर केलें.