कावसजी नायगमवाला

सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे निघाले म्हणजे कुर्डुवाडीच्या पुढे जेऊर हे लहानसे स्थानक लागते. करमाळा तालुक्यातील या गावी १८९८ च्या जानेवारीत मोठी लगबग उडाली होती. २२ तारखेला होणारे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी अमेरिकेतील लिक वेधशाळेचे शास्त्रज्ञ तेथे येऊन राहिले होते. त्याच गावी पुण्याहून आलेले एक पथकही आपली यंत्रे मांडून बसले होते. त्या पथकाचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७८ साली ते सुवर्णपदक मिळवून एम. ए. झाले आणि पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी महाविद्यालयास भेट देण्यासाठी आले. तेव्हा या तरुण अध्यापकाने वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारण्याची इच्छा त्यांच्यापाशी व्यक्त केली. महाराजांनी ५,००० रुपयांची देणगी दिली व सरकारनेही तेवढीच भर घातली.

वर्णपट म्हणजे काय? सूर्यकिरण काचेच्या लोलकातून गेला म्हणजे त्याचे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग वेगळे होऊन पट्टा दिसतो, तोच वर्णपट. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले तर ज्योत पिवळी होते, कारण मिठातील सोडियमचा प्रकाश पिवळा असतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठरावीक रेषा असतात. माणसाची ओळख जशी बोटांच्या ठशांवरून पटते, तशी द्रव्याची ओळख या रेषांवरून पटते. तारे कितीही दूर असोत, त्यांचा प्रकाश आपल्या घरची वार्ता आपल्याबरोबर घेऊन येतो.

उपकरणे आणण्यासाठी कावसजी १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी त्यांना, नुसती प्रयोगशाळा न काढता वेधशाळाच उभारावी, असा सल्ला दिला. कावसजींनी तो मानला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात त्यांची बदली झाली आणि तेथेच १८८८ साली महाराज तख्तसिंहजी वेधशाळेचे काम सुरू झाले. तेथील २० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण पुढे अनेक वर्षे भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

लवकरच कावसजींच्या परीक्षेची वेळ आली. मृग नक्षत्रात एक अंधुक तेजोमेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती उल्कांतील मॅग्नेशियममुळे उमटते, असे लॉकियर यांचे मत होते. ते खरे असते, तर रेषेची एक कड पुसट दिसावयास हवी होती. कावसजींनी पुण्याहून ती रेषा काळजीपूर्वक न्याहाळली. ती दोन्ही बाजूंनी रेखीव होती! ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा होता. कावसजींनी तो दडवून ठेवला नाही. १८९१ साली लंडनच्या राजकीय ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यात उद्धटपणा नव्हता, तशी भीडही नव्हती. पुढे १९२७ साली बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ती रेषा मॅग्नेशियमची नसून अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनची आहे.

आता पुन्हा जेऊरकडे वळू. खग्रास अवस्था टिकणार होती अवघी दोन मिनिटे! तेवढ्यात यंत्र अडले किंवा हात कापला, तर महिन्यांचे श्रम वाया जाणार होते. भर दुपारी चंद्राने सूर्यबिंब झाकले, अंधार पसरला आणि एरवी सूर्याच्या तेजात न दिसणारे त्याचे प्रभामंडळ झळकू लागले. कावसजींच्या पथकाने त्या दोन मिनिटांत आपले काम चोख बजावले. मिळालेल्या वर्णपटांची बारकाईने मोजमापे करून कावसजींनी १९०२ साली सविस्तर अहवाल छापला. दोन मिनिटांच्या निरीक्षणामागे कित्येक वर्षांची चिकाटी होती.

१९१२ साली कावसजी सेवानिवृत्त झाले. त्यांच्यामागे वेधशाळा चालविणारा कोणी राहिला नाही. ती बंद झाली आणि मोठी दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली. १९३८ साली कावसजींचे निधन झाले.

वेधशाळा राहिली नाही, पण मृगातील तेजोमेघ आजही हिवाळ्याच्या रात्री दिसतो. मुलांनो, तो पाहाल तेव्हा कावसजींची आठवण ठेवा. वडीलधाऱ्यांविषयी आदर असावाच. परंतु डोळ्यांनी नीट पारखलेले सत्य सांगताना कचरू नये, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.