उतारवयाचा आसरा

पेन्शनच्या दिवशी बँकेत लागणारी रांग ज्याने काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली आहे, त्याला म्हातारपण कशाला म्हणतात ते वेगळे सांगावे लागत नाही. अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हा एक आजी दर महिन्याला मुलाबरोबर यायच्या. मुलगा स्लिप भरायचा, आजी अंगठा उमटवायच्या, नोटा मुलगा मोजायचा. एकदा त्या एकट्याच आल्या आणि आपल्या खात्यात किती रुपये आहेत, एवढेच त्यांनी हळू आवाजात विचारले. मी आकडा सांगितला. तो ऐकून त्या बराच वेळ बाकावर बसून राहिल्या आणि मग निघून गेल्या. पुढच्या महिन्यात मुलाला बाहेर थांबवून आजींशी दोन मिनिटे बोलायला हवे होते. समोर रांग होती, मी बोललो नाही. नोकरी संपली तरी ती रुखरुख संपली नाही.

त्याच मुलखात वाढलेल्या एका माणसाच्या आयुष्याकडे अलीकडे मी पुन्हा वळलो, ते बहुधा या रुखरुखीमुळेच. गाडगेबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खराटा येतो, डोक्यावरचे गाडगे येते, अंगावरच्या चिंध्या येतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना तेवढेच पाहिलेले असते. पण थकलेल्या, आजारी, आधार तुटलेल्या माणसाची सोय वेळ येण्याआधी करून ठेवायची असते, ही गोष्ट वऱ्हाडाला त्यांच्याइतकी कोणी शिकवली नाही.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचे, आडनाव जानोरकर, नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्या व्यसनानेच गेले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावात मामा चंद्रभानजींची शेती होती. डेबूजीने मामाची गुरे राखली, पुढे नांगर धरला आणि शेतीत जीव ओतला. पण मामा सावकाराच्या कर्जात अडकले, जमीन हातची गेली आणि त्या खंतीत तेही गेले. राबणारा एक, कागद दुसऱ्याच्या हाती, आणि घरातली थकली माणसे पाहत राहिलेली. हा हिशेब डेबूजीने फार कोवळ्या वयात पाहिला. बँकेत बसून मी अशी कितीतरी घरे पाहिली. कर्ज घेणारा एक असतो, पण त्याचे ओझे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसावर पडते, कारण नव्याने कमवायला त्याच्याकडे वर्षेच उरलेली नसतात.

मुलीच्या बारशाला दारू आणि मटणाची पंगत द्यायची रीत होती. डेबूजीने ती मोडली आणि जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. बापाला दारूने नेलेल्या मुलाला हे धाडस कुठून आले असेल, ते वेगळे सांगायला नको. पुढे १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. मागे आई होती, पत्नी कुंताबाई होती, लेकरे होती.

इथे आपल्यासारखा संसारी वाचक अडतो, आणि त्याने अडावेच. जगाच्या म्हाताऱ्यांची काळजी वाहणारा माणूस आपल्या आईला मागे ठेवून गेला, हे कसे? या प्रश्नाला भक्तीचे पांघरूण घालण्यात अर्थ नाही. घरातल्यांनी त्याची किंमत मोजलीच. १९२३ मध्ये त्यांचा एकुलता मुलगा गोविंद गेला, तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात होते. बातमी कळली तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हे मोठेपण आपल्याला झेपणारे नाही आणि त्याचे अनुकरण कोणी करूही नये. मात्र घर सोडून त्यांनी जे उभे केले, ते आपल्या घरांपर्यंत पोहोचते. आपण घ्यायचे ते तेवढेच.

सुरुवात झाली पूर्णेकाठच्या ऋणमोचनापासून. वऱ्हाडात आपण त्याला रिणमोचन म्हणतो. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीच्या चिखलातून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय घसरत, म्हणून बाबांनी तिथे घाटाचे काम हाती घेतले. यात्रेत येणाऱ्या आंधळ्यापांगळ्यांना, महारोग्यांना जेवण आणि कपडे देण्याचा पायंडा पाडला. आज डॉक्टर आपल्याला बजावतात की उतारवयात पडणे हे मोठे संकट आहे, न्हाणीघरात कठडा लावा, ओली फरशी पुसा, रात्री दिवा ठेवा. ज्याला घाटाची पायरी कळली, त्याला हे सारे आधीच कळले होते, असेच म्हणावे लागेल.

खराट्याचेही तेच. त्या काळात यात्रा म्हणजे पटकीची भीती. घाण पाणी आणि माश्या यांतून रोग पसरे, आणि त्यात आधी जात ती लहान मुले आणि म्हातारी माणसे. बाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडत. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. त्यांच्या लेखी गावाची स्वच्छता हे अशक्त माणसाचे औषध होते.

आणि मग धर्मशाळा. पंढरपूरला, नाशिकला, देहूला, आळंदीला, मूर्तिजापूरला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांच्यासाठी होती. ती त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी करवली, कारण आत रोगी खाटेवर असे आणि बाहेर त्याचे माणूस फुटपाथवर. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही पाठ टेकायला जागा लागते, हे त्या काळी किती जणांच्या ध्यानात आले असेल? दादरला टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करोग्यांसाठी पुढे त्यांच्याच नावाची धर्मशाळा झाली. बाबांचे गाव कुठले हे ठाऊक नसलेली माणसेही तिथे निर्धास्त झोपतात.

या सगळ्यांत माझ्यातल्या बँकवाल्याला सर्वांत जास्त नवल वाटते ते व्यवहाराचे. लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांतली एकही बाबांनी स्वतःच्या वा घरच्यांच्या नावावर ठेवली नाही. विश्वस्त नेमले, कारभार त्यांच्या हाती दिला, १९५२ मध्ये मिशन स्थापन झाले. शाळेत न गेलेल्या या माणसाला एक गोष्ट पक्की उमगली होती : आपण आहोत तोवर चालणारी सोय ही सोय नव्हे. आपण नसतानाही चालेल अशी व्यवस्था कागदावर आणि चार भल्या माणसांच्या साक्षीने करून ठेवावी लागते.

मामाची शेती कागदाने गेली होती आणि भाच्याच्या धर्मशाळा कागदाने टिकल्या. आपल्या घरांनी यातून काय घ्यावे? घर आणि शेत मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. करायचेच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे ती अट मोडली गेली, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पोटगीसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. खात्याला वारस नेमावा, पण एटीएमचा नंबर कोणालाही देऊ नये. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत मदतीचा दूरध्वनी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावा. यात मुलांवर अविश्वास नाही. स्वच्छ कागदाने नाती तुटत नाहीत, धूसर कागदाने तुटतात, हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे.

बाबा स्वतः मात्र विसावले नाहीत. ऐंशी उलटली, प्रकृती ढासळली, तरी प्रवास चालूच होता. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. थकलेला तो आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी देह ठेवला. सोबत त्यांचे सेवक होते. घर सोडलेल्या माणसाच्या शेवटच्या घटकेलाही चार माणसे जवळ होती. आज अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे आणि तिथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

त्या बाकावर बसलेल्या आजी आता नसतील. पण अशी एखादी आजी तुमच्या आळीत नक्की असेल. येत्या पेन्शनच्या दिवशी तिच्याबरोबर बँकेत जा, पासबुक भरून घ्या आणि त्यातला शिल्लक रकमेचा आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवा. घरी परतल्यावर तिच्या न्हाणीघराची फरशी ओली आहे का, तेही एकदा पाहून या.