अपयशाशी प्रामाणिक राहिलेला शल्यविशारद

थोरांची चरित्रे लिहिताना आपण बहुधा त्यांच्या यशाचीच नोंद करतो. वाटेतले अपयश म्हणजे एक पायरी, असे मानून पुढे जातो. सर जॉन चार्नले यांच्या बाबतीत तसे करणे अन्यायाचे होईल. झिजलेला खुबा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आज मुंबई-पुण्यातही नित्याची झाली आहे. तिचा भक्कम पाया चार्नले यांनी घातला. परंतु त्या वाटेवर सुमारे ३०० रुग्णांच्या वाट्याला पुन्हा वेदना आल्या, आणि या माणसाची खरी उंची दिसली ती त्याच वेळी.

इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यातील बरी या गावी २९ ऑगस्ट १९११ रोजी चार्नले यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टर येथे १९३५ साली वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी वैद्यकीय दलात दाखल झाले. कैरो येथे जखमींसाठी साधने तयार करणाऱ्या कार्यशाळेत त्यांची यंत्रांविषयीची ओढ फुलली. युद्धानंतर हाडाचे कलम कसे रुजते हे जाणण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नडगीवर सहकाऱ्याकडून शस्त्रक्रिया करवून घेतली. तिला जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. प्रयोगाची किंमत आधी आपण मोजावी, हा त्यांचा स्वभावच होता.

त्या काळी खुब्याच्या संधिवाताने जखडलेल्या माणसाला काठी, कुबड्या आणि रात्रीची असह्य वेदना यांवाचून गत्यंतर नसे. पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी ॲक्रिलिकचा कृत्रिम गोळा बसविण्यास आरंभ केला होता. असा गोळा बसविलेला एक रुग्ण चार्नले यांच्याकडे आला. त्याचा सांधा हालचालीगणिक इतका करकरे की पत्नीला त्याच्याजवळ बसणे नकोसे होई. इतरांना हे हास्यास्पद वाटले असते. चार्नले यांना त्या आवाजात रोगाचे मूळ ऐकू आले. करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे आज ना उद्या सांधा खिळखिळा होणे. निसर्गाचा सांधा गुळगुळीत कूर्चेमुळे जवळजवळ विनाघर्षण फिरतो. माणसाने केलेला सांधाही तसाच निसरडा हवा, या निष्कर्षाला ते आले.

विगनजवळच्या राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरुग्णालयात त्यांनी या कामाला वाहून घेतले. टेफ्लॉनची उखळी, तिच्यात फिरणारा धातूचा लहान गोळा, आणि दोन्ही घट्ट बसविण्यासाठी दंतवैद्यकात परिचित असलेले ॲक्रिलिकचे सिमेंट, अशी ही रचना होती. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. परंतु दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजले. त्याचे कण भोवतीच्या पेशींना बाधू लागले आणि सांधे सैल झाले. ज्यांनी विश्वासाने आपला देह स्वाधीन केला, त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे जड काम चार्नले यांनी अंगावर घेतले. अपयश त्यांनी वैद्यकीय नियतकालिकातून उघडपणे मांडले. एवढेच नव्हे, तर टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्या मांडीत रोवून त्याचा दाह होतो याची खात्री करून घेतली.

पुढचा अध्याय त्यांच्या विनयाची परीक्षा पाहणारा होता. १९६२ साली यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन एका विक्रेत्याने आणले. चार्नले यांनी ते नखाने टोकरून पाहिले आणि निरुपयोगी ठरविले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र ते परदेशी गेले असता झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविले. टेफ्लॉन एका दिवसात झिजे, त्याहूनही हे द्रव्य तीन आठवड्यांत कमी झिजले. चार्नले यांनी आपले मत तत्काळ बदलले. आपल्या हाताखालचा माणूस बरोबर आणि आपण चूक, हे मान्य करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नव्या द्रव्याचा सांधा रुग्णाला बसविला गेला आणि तो टिकला.

यश दिसू लागताच दुसरा कोणी बाजार मांडला असता. चार्नले यांनी उलट हात आवरता घेतला. राइटिंग्टनला येऊन तंत्र शिकल्याखेरीज कोणाही शल्यविशारदाला हा सांधा मिळू नये, असा त्यांचा दंडक होता. शुद्ध हवेचे बंदिस्त शस्त्रक्रियागृह आणि विशेष पोशाख यांच्या साह्याने त्यांनी जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा १ च्या खाली आणले. मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत, आणि अनेकांनी ती आनंदाने मान्य केली. १९७५ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ साली ‘सर’ हा किताब त्यांना लाभला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कृत्रिम खुब्यावर निर्धास्तपणे जिना चढणाऱ्या वृद्धाला चार्नले हे नाव ठाऊकही नसेल. त्याच्या निर्धास्तपणामागे मात्र त्या तीनशे जणांचे दुःख आहे, आणि ते न लपविणाऱ्या एका वैद्याची सचोटीही आहे. चूक कोणाच्याही हातून घडते. तिचा हिशेब चारचौघांत मांडण्याचे धैर्य दुर्मिळ असते, आणि विज्ञान पुढे सरकते ते त्या धैर्याच्या बळावरच.