एकच शब्द, अंदाजे पाच लाख वेळा: सिडनीच्या फुटपाथवर पहाटे खडूने लिहून जाणारा माणूस

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र. नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी सिडनीच्या हार्बर ब्रिजवर आतषबाजी चालली होती. त्या रोषणाईत पुलावर झोकदार वळणाच्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उजळला. इटर्निटी. मराठीत सांगायचं तर अनंतकाळ.

बाहेरच्या माणसाला ते सहस्रकाचं घोषवाक्य वाटावं. जुन्या सिडनीकरांना मात्र ते अक्षर ओळखीचं होतं. अगदी त्याच वळणात हा शब्द त्यांच्या फुटपाथवर तीसहून जास्त वर्षं खडूने उमटत आला होता. लिहिणाऱ्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत तो दारूत बुडालेला होता. त्याचं नाव आर्थर स्टेस.

स्ट्रीट आर्ट म्हटलं की आपल्यासमोर स्प्रेचे डबे आणि रंगवलेल्या भिंती येतात. त्यात ख्रिस्ती श्रद्धेचा काही संबंध असेल असं पटकन वाटत नाही. म्हणूनच स्टेसची गोष्ट समजून घ्यायला हवी.

दारू, तुरुंग आणि युद्ध

स्टेसचा जन्म ९ फेब्रुवारी १८८५ चा, सिडनीच्या रेडफर्न भागातला. आज रेडफर्नमध्ये घर घ्यायला खिसा भरलेला लागतो, पण तेव्हा ती गरिबांची वस्ती होती. आई-वडील दोघंही दारूच्या आहारी गेलेले. घरात खायला नसायचं. लोकांच्या दारातलं दूध चोरायचं, उकिरड्यावर मिळेल ते खायचं, असं त्याचं बालपण गेलं. पुढे सरकारने त्याला ताब्यात घेतलं. शाळा जवळपास झालीच नाही.

किशोरवयात तो कोळशाच्या खाणीत लागला. मजुरी हातात पडली की ती दारूत जायची आणि दारूपायी तुरुंगवारी व्हायची. जुगाराच्या अड्ड्याबाहेर उभं राहून पोलीस आले की इशारा द्यायचा, वेश्यावस्तीत दारू पोहोचवायची, अशी कामंही त्याने केली.

१९१६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो ऑस्ट्रेलियन सैन्यात भरती झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सपर्यंत गेला आणि १९१९ मध्ये परत आला. दारू काही सुटली नाही. त्यातच १९२९ नंतर जागतिक मंदी आली. सिडनीत हजारो लोक बेकार झाले आणि स्टेस त्यांच्यातलाच एक होता.

चहासाठी चर्चमध्ये

६ ऑगस्ट १९३० ला स्टेस ब्रॉडवेवरच्या सेंट बर्नबास चर्चमध्ये गेला. भक्तिभाव वगैरे काही नव्हता. तिथे बेकार पुरुषांना चहा आणि केक मिळायचा, पण त्याआधी प्रवचन ऐकावं लागायचं. प्रवचन देणारे होते पाद्री आर. बी. एस. हॅमंड. दारूबंदीसाठी आणि बेकारांसाठी काम करणारे म्हणून ते सिडनीत सगळ्यांना माहीत होते.

त्या दिवशी स्टेसच्या आत काहीतरी हललं. त्याने श्रद्धा स्वीकारली आणि दारू सोडली. पुढची ३७ वर्षं तो जगला ते असा बदललेला माणूस म्हणून.

खिशातला खडू

दोन वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९३२ ला, स्टेस डार्लिंगहर्स्टमधल्या बर्टन स्ट्रीट बॅप्टिस्ट टॅबरनॅकलमध्ये बसला होता. बोलत होते जॉन रिडली, महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेले प्रचारक. विषय होता बायबलच्या यशया पुस्तकातल्या ५७ व्या अध्यायातलं १५ वं वचन. इंग्रजी बायबलमधल्या या वचनात 'इटर्निटी' हा शब्द येतो. रिडलींनी तो पुन्हा पुन्हा घेतला. सिडनीच्या प्रत्येक रस्त्यावर हा शब्द घुमायला हवा, अशी तळमळ त्यांच्या बोलण्यात होती.

स्टेस बाहेर आला. खिशात खडूचा तुकडा होता. तो खाली वाकला आणि फुटपाथवर त्याने तो एकच शब्द लिहिला.

त्याला स्वतःचं नावसुद्धा नीट लिहिता येत नसे. पण हा शब्द उमटला तो कित्त्यातल्यासारख्या घोटीव, वळणदार अक्षरात. हे कसं झालं याचं त्यालाही शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

मग तोच त्याचा दिनक्रम झाला. भल्या पहाटे उठायचं, प्रार्थना करायची आणि त्या दिवशी मनात येईल त्या भागात चालत निघायचं. ठरावीक अंतरावर वाकून तो शब्द लिहायचा आणि लोक कामाला निघायच्या आत घरी परतायचं. अधूनमधून त्याने देवाची आज्ञा पाळायला सांगणारे शब्दही लिहून पाहिले, पण तो पुन्हा इटर्निटीकडेच वळला.

पाच लाख हा आकडा अर्थातच अंदाज आहे. कुणी मोजत बसलं नव्हतं. पण रोज ५० वेळा धरलं, तर तीस वर्षांत हिशोब पाच लाखांच्या पुढेच जातो.

कोण लिहितंय हे?

शहराला जवळपास २४ वर्षं हे कोडं होतं. नगरपालिकेच्या नियमानुसार फुटपाथवर लिहिणं गुन्हा होता, आणि पोलिसांनी स्टेसला कितीतरी वेळा हटकलं. आपली परवानगी वरच्या दरबारातून आली आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. तो लिहीत राहिला.

१९५६ मध्ये उलगडा झाला. ज्या बर्टन स्ट्रीट चर्चमध्ये त्याला तो शब्द मिळाला, तिथेच तो साफसफाईचं काम करत होता. तिथले पाद्री लाईल थॉम्पसन यांनी एकदा त्याला खिशातून खडू काढून लिहिताना पाहिलं. विचारल्यावर त्याने कबूल केलं. मग वर्तमानपत्रात त्याची हकिकत छापून आली. त्यानंतरही तो पहाटे उठून चालतच राहिला.

१९४२ मध्ये त्याने पर्लशी लग्न केलं होतं. ती १९६१ मध्ये गेली. स्टेसचा शेवटचा काळ हॅमंडविलच्या वृद्धाश्रमात गेला. मंदीत बेघर झालेल्या कुटुंबांसाठी ही वसाहत उभी केली होती ती त्याच पाद्री हॅमंड यांनी. ३० जुलै १९६७ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, स्टेस वारला. त्याने देहदान केलं होतं, त्यामुळे त्याचं दफन पर्लच्या शेजारी झालं ते दोनेक वर्षांनी.

याला स्ट्रीट आर्ट म्हणायचं का?

स्टेसने स्वतःला कधी कलाकार मानलं नाही. पण स्ट्रीट आर्टच्या खुणा त्याच्या कामात दिसतात. विनापरवानगी, नाव न सांगता, सार्वजनिक जागेवर, आणि टिकण्याची हमी नसलेलं. पहाटे काढलेली रांगोळी दिवसभरात पुसली जाते, तसंच हे.

एक मोठा फरक मात्र आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमध्ये आधुनिक ग्राफिटी सुरू झाली, ती टॅगपासून. टॅग म्हणजे स्वतःचं टोपणनाव. टाकी १८३ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. मी इथे होतो, हे शहराला सांगणं हा टॅगचा हेतू. स्टेसने लाखो वेळा लिहिलं, पण एकदाही स्वतःचं नाव लिहिलं नाही.

चित्र न काढता त्याने शब्दच का लिहिला, याचं उत्तर त्याच्या पंथात मिळतं. कॅथलिक चर्चमध्ये मूर्ती, चित्रं, रंगीत काचा असतात. बॅप्टिस्ट परंपरेत मात्र भिंती साध्या असतात आणि मध्यभागी असतो वाचलेला, उच्चारलेला शब्द. स्टेसने तोच फुटपाथवर आणला. मराठी बायबल वाचणाऱ्यांना सार्वकालिक जीवन ही कल्पना ठाऊक असेल. मेल्यानंतरचा अनंतकाळ तू कुठे घालवणार, हा प्रश्न त्याला कामावर निघालेल्या माणसाच्या पायाखाली ठेवायचा होता.

शहराने शब्द घेतला, प्रश्नाचं काय?

स्टेस गेल्यावर त्याचा शब्द मोठा होत गेला. चित्रकार मार्टिन शार्प यांनी तो आपल्या चित्रांत आणला. १९७७ मध्ये टाऊन हॉलला लागून असलेल्या सिडनी स्क्वेअरमध्ये तो धातूच्या अक्षरांत बसवला गेला. म्हणजे ज्या पालिकेच्या नियमाने तो गुन्हा ठरत होता, तिच्याच दारात! माहितीपट झाला, ऑपेरा झाला. त्याने पुठ्ठ्यावर लिहिलेला नमुना आता कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सिडनीच्या मुख्य पोस्टाच्या मनोऱ्यातल्या घंटेच्या आतही त्याचं अक्षर सापडलं. बर्टन स्ट्रीटचं चर्च आज नाट्यगृह आहे आणि त्याचं नाव इटर्निटी प्लेहाऊस.

पण यात काहीतरी निसटलंही. पुलावर उजळलेला शब्द बहुतेकांसाठी शहराच्या अभिमानाचा होता, जुन्या आठवणींचा होता. स्टेससाठी तो इशारा होता, अस्वस्थ करणारा. पोलीस हटकत होते तोवर त्या शब्दाला धार होती. शहराने तो कौतुकाने मिरवायला घेतला आणि ती धार बोथट झाली.

दुसरी बाजूही आहे. फुटपाथ सगळ्यांचा असतो, मग त्यावर एकाने आपल्या श्रद्धेचा शब्द का लिहावा, असा प्रश्न श्रद्धा नसलेला किंवा वेगळ्या धर्माचा माणूस विचारू शकतो, आणि तो रास्त आहे. स्टेसने निदान एक पथ्य पाळलं.  लिहिलं ते खडूने, ज्याला नको असेल त्याला पायाने पुसता येईल असं.

धातूची अक्षरं पायाने पुसता येत नाहीत. पण त्यांच्याकडे बघत कुणी थांबतं का, हे सिडनी स्क्वेअरमध्ये उभं राहूनच कळेल.