नदीतली विहीर

पावसाळा लागला की गाढी नदीला तांबडे पाणी येते आणि इकडे पनवेलच्या दवाखान्यांत जुलाब, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण वाढू लागतात. गढूळ पाणी पाहिले की मला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आठवतात.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा, १८६१ सालचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या करून ते शिकले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये अभियंता झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले.

पुढे त्यांना सिंधमधील सक्करला पाठवण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचे पाणी गाळाने भरलेले आणि गाळणयंत्रणेसाठी नगरपालिकेकडे पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, प्रवाहाजवळ विहीर खणली. वाळूतून झिरपून विहिरीत आलेले पाणी स्वच्छ होते. शहराची गरज वाळूनेच भागवली.

यामागे पाण्याचा स्वभाव आहे. मीठ पाण्यात विरघळते, माती विरघळत नाही. मातीचे बारीक कण सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटी फिरवली की हा भार नाहीसा होतो, कण एकत्र येऊन तळाशी बसतात. वाळूचा जाड थर असे कण अडवतो. विरघळलेले क्षार मात्र त्यातून आरपार जातात आणि काही जंतूही निसटतात. म्हणून नितळ पाणी निर्धोक असतेच असे नाही.

सक्करनंतर खडकवासल्याला त्यांनी १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादसाठी पूरनियंत्रणाची आणि सांडपाण्याची योजना आखली. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली भारतरत्न मिळाले आणि १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

घरात क्रम तोच ठेवा: आधी गाळ काढा, मग जंतू मारा. क्लोरीन गढूळ पाण्यात मातीवरच खर्ची पडते आणि जंतू गाळाच्या आड वाचतात. म्हणून पाणी तुरटीने निवळून, दुपदरी फडक्याने गाळून घ्या. मग खळखळून उकळा किंवा क्लोरीनचे द्रावण घालून अर्धा तास थांबा. तान्ह्या बाळाच्या आणि गरोदर बाईच्या पाण्यात तर यातली एकही पायरी गाळू नका.