आधी अंदाज, मग खर्च

मागच्या दिवाळीत धाकट्या सुनेने मला घरखर्चाची एक वही भेट दिली. वरती नाव होते ‘काकेइबो’. पद्धत जपानी, असे ती म्हणाली. मला हसूच आले. चाळीस वर्षे मी वाण्याचा, दुधाचा, इस्त्रीचा हिशेब लिहीत आले. मला आता जपानने काय शिकवावे? तरी ही वही प्रथम कोणी काढली ते वाचू लागले, आणि त्या बाईंच्या चरित्रात गुंतून गेले.

त्यांचे नाव हानी मोतोको. जन्म १८७३ सालचा, उत्तर जपानातील हाचिनोहे गावी, सामुराई घराण्यात. १८८९ साली त्या शिक्षणासाठी तोक्योला आल्या. पुढे लग्न झाले, ते मोडले. त्या काळी नवऱ्याचे घर सोडून आलेल्या बाईकडे लोक कसे पाहत असतील, हे आपणां भगिनींना सांगावयास नको. मोतोकोबाईंनी योशिओका यायोई ह्या डॉक्टरीणबाईंच्या घरी मोलकरणीचे काम धरले. शिकलेली बाई, पण भांड्यांची लाज बाळगली नाही. मग ‘होची शिंबुन’ ह्या वृत्तपत्रात मुद्रिते तपासण्याची नोकरी मिळाली, आणि तेथूनच त्या वार्ताहर झाल्या. जपानातील पहिल्या स्त्री-पत्रकार म्हणून त्यांचे नाव घेतात.

१९०१ साली त्यांनी वृत्तपत्रातीलच सहकारी हानी योशिकाझू ह्यांच्याशी विवाह केला. ते वयाने सात वर्षांनी लहान. दोघांनी मिळून ‘कातेई नो तोमो’, म्हणजे ‘घराचा मित्र’, हे मासिक काढले. थोरली मुलगी सेत्सुको २ एप्रिल १९०३ रोजी जन्मली आणि मासिकाचा पहिला अंक ३ एप्रिलचा! बाळंतिणीच्या उशाशी मुद्रिते पडलेली असतील की काय, असे आपले माझ्या मनात येते.

ह्या मासिकाच्या वाचक म्हणजे शहरातल्या पगारदारांच्या बायका. पगार बांधलेला, गरजा मोकाट. त्यांच्यासाठी मोतोकोबाईंनी १९०४ साली छापील हिशेबवही काढली. आता तिच्यात विशेष ते काय? आपण खर्च करतो आणि मग लिहितो. त्यांच्या पद्धतीत आधी लिहावयाचे. उत्पन्न मांडायचे, धान्य, भाजी-कालवण, कपडे, मुलांचे शिक्षण, औषधपाणी अशी खाती पाडायची, प्रत्येकाला रक्कम नेमून द्यायची. मग रोजचा खर्च त्या त्या खात्यात टाकला, की महिना संपण्याआधीच किती उरले ते दिसते. लोकोपयोगी कार्याला द्यावयाच्या पैशाचेही त्यांच्या वहीत निराळे खाते असते.

हे वाचून मी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. थोरल्याच्या कॉलेजची फी भरण्यासाठी ज्या वर्षी मी पाटल्या मोडल्या, त्या वर्षीची वहीसुद्धा पैशापर्यंत जुळलेली आहे! कुठेही चूक नाही. फी जूनमध्ये येणार हे मला आदल्या जूनपासून ठाऊक होते. वहीला मात्र मी ते कधी सांगितलेच नव्हते.

मासिकाचे पुढे ‘फुजिन नो तोमो’ झाले. १९२१ साली नवरा-बायकोंनी तोक्योत ‘जियू गाकुएन’ ही मुलींची शाळा काढली. तिची इमारत फ्रँक लॉइड राइट ह्या प्रख्यात अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने आखली; ती आजही उभी आहे. दुपारचे जेवण मुली स्वतः रांधीत. १९३० मध्ये वाचक भगिनींचे देशव्यापी मंडळ स्थापन झाले. त्यांच्या बैठकांत बायका आपापल्या हिशेबांवर चर्चा करीत. आपल्याकडे वही कोणापुढे उघडायची म्हणजे अब्रूचाच प्रश्न!

एक गोष्ट मात्र मला रुचली नाही. सरकारने बचतीच्या मोहिमा काढल्या त्यांना मोतोकोबाईंनी साथ दिली, आणि त्या मोहिमा पुढे युद्धाच्या कामी आल्या. बायकांनी पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा तोफांकडे जावा, हे मनाला लागते.

१९५७ साली त्या वारल्या. त्यांची वही अजूनही दरवर्षी छापून निघते.

सुनेने दिलेल्या वहीत मी पाडव्यापासून लिहीत आहे. ती फोनवरून पैसे देते, म्हणून रात्री जेवणे झाल्यावर ती आकडे वाचते आणि मी खात्यात टाकते. मंडळाच्या वर्गणीला पहिल्यांदाच स्वतंत्र खाते दिले आहे. भाजीचे खाते मात्र गेल्या महिन्यात बावीस तारखेलाच संपले. उरलेले दिवस मटकी आणि पिठल्यावर काढले, आणि घरात कोणी कुरकुरले नाही. ‘हे’ एकदाच म्हणाले, जपानात पिठले मिळते का ते विचार.