नगरांचे वैद्य : प्रा. पॅट्रिक गेडीस

नगररचना हा शब्द आता आपल्या कानांस सरावाचा झाला आहे. नगरपालिकेचा नवा नकाशा निघाला की कोणाचे तरी घर रस्तारुंदीत जाणार, एवढाच अर्थ आपण त्यातून काढतो. घरे शक्य तितकी राखून नगर सुधारण्याचा मार्ग ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी या देशात दाखविला, त्या प्रा. पॅट्रिक गेडीस यांचे चरित्र म्हणूनच येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. मूळचे ते वास्तुविशारद नव्हेत. ते जीवशास्त्राचे अभ्यासक. १८७९ साली मेक्सिकोत संशोधन करीत असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम कठीण झाले, आणि वनस्पती कशा वाढतात हे पाहणारे मन माणसांच्या वस्त्या कशा वाढतात याकडे वळले. १८८६ साली आना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या, कळकट वस्तीत, जेम्स कोर्ट येथे बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी स्वतः भिंतींस रंग लावला, बोळ झाडले. डंडी येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांनी १८८८ पासून १९१९ पर्यंत सांभाळले. काम उन्हाळी सत्रापुरते असल्याने वर्षाचे बाकीचे महिने नगरांच्या अभ्यासास मोकळे राहिले.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. अनेक वर्षे जमविलेले नकाशे व चित्रे यांचे प्रदर्शन मागाहून बोटीने येत होते. महायुद्ध सुरू झालेले. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडविली. मित्रांनी धावाधाव करून नवा संग्रह पाठविला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासेस प्रदर्शन भरले.

त्यानंतर ठाणे, वांद्रे, सुरत, तंजावर, लखनौ, लाहोर अशी त्यांची भ्रमंती चालली. इंजिनियर मंडळी कागदावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखीत. गेडीस बोळाबोळांतून पायी हिंडत. अगदीच मोडकळीस आलेले घर तेवढे काढावे, तेथे अंगण वा झाड ठेवावे, बाकीची वस्ती राहू द्यावी, अशी त्यांची शस्त्रक्रिया. हिवतापाच्या भीतीने जुने तलाव बुजविण्यासही त्यांचा विरोध होता; डास मारावयाचे तर तलावात मासे व बदके सोडा, असे ते सुचवीत.

१९१७ हे वर्ष मात्र त्यांस फार क्रूर गेले. ज्येष्ठ पुत्र अलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. पत्नी त्या वेळी कलकत्त्यास रुग्णशय्येवर होत्या. ही वार्ता त्यांस सोसवणार नाही म्हणून गेडीस पुत्राची जुनी पत्रे नवी म्हणून वाचून दाखवीत. थोड्याच दिवसांत त्याही गेल्या. संसार असा उजाड झाल्यावरही काम थांबले नाही, याचे आश्चर्य वाटते.

तुकोजीराव होळकरांच्या इंदुरातील काम याच सुमाराचे. शहरात प्लेग होता आणि हा साहेब घरे पाडावयास आला आहे असा समज पसरला होता. गेडीस यांनी महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली व दिवाळीची मिरवणूक आखली. ज्या आळ्या अधिक स्वच्छ होतील त्यांतूनच ती जाईल, असे जाहीर करताच घरोघरी झाडलोट व रंगसफेती सुरू झाली. केराच्या गाड्यांमागून गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत लक्ष्मी होती, घाणीचे राक्षस होते आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. पण आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट निराळीच. शुभ्र वस्त्रे नेसून, झाडूंस फुले बांधून सफाईवाले त्याच मिरवणुकीत मानाने चालले, आणि गेडीस यांनी त्यांस उघडपणे अभिवादन केले. ज्यांची सावली टाळली जाई, त्यांस त्या दिवशी शहराने वाट करून दिली. शेवटी उंदराचे व राक्षसांचे दहन झाले, आणि घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली. इंदूरचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक नेमले. डॉ. गो. स. घुर्ये यांस उच्च शिक्षणार्थ विलायतेस धाडण्यासाठी त्यांनीच निवडले. पुढे विभागाची धुरा घुर्ये यांजकडे आली. गेडीस उत्तम लेखक होते असे म्हणवत नाही. त्यांचे लिखाण क्लिष्ट, बोलणे दाढीतल्या दाढीत, आणि पुष्कळसे अहवाल दप्तरांत पडून राहिले. तेल अवीवचा १९२५ चा आराखडा मात्र बऱ्याच अंशी प्रत्यक्षात उतरला.

प्रकृती ढासळल्याने १९२४ साली त्यांनी मुंबई सोडली व दक्षिण फ्रान्सात माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधून, बाग लावून ते राहिले. १९३२ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.